बाल्कनी सोडून हाऊसफुल्ल

गुरुवार, १२. सकाळी ११
नवी वही. नवा पिक्चर. नवा मी.
उद्या लागतोय. सुपरहिरोंचं अख्खं कुटुंब, सगळं ॲनिमेशन. बाप उडतो, आईला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, मुलगी मोहरीएवढी होते, आजी अंधारात ट्यूबलाइटसारखी पेटते. म्हणजे आजीपासून नातवंडापर्यंत सगळे एका फटक्यात थिएटरात. बावीस वर्षं मॅनेजर आहे इथे. पोस्टर बघून सांगतो किती आठवडे चालणार. आजवर चुकलो ते पोस्टर वाईट छापलेलं होतं म्हणून.
मालकीणबाईंचा फोन. म्हणाल्या, दुसऱ्या रविवारपर्यंत एका खेळाला, फक्त एका, शंभर माणसं दाखवा. नाहीतर तेवीस तारखेपासून कुलूप. मी म्हटलं, बाई, खुर्च्या चारशे दहा आहेत, वरचे तीनशे दहा मी कुठे उभे करू? हसल्या नाहीत. काहींना विनोदाचं अंगच नसतं.
संकल्प: फुकटचा पॉपकॉर्न बंद. रोज जिना चढून बाल्कनी तपासायची, पोट कमी होईल. कुलपाचं घरी बोलायचं नाही. नंतर गंमत म्हणून सांगीन.

शुक्रवार, १३. दुपारी ४
पहिला खेळ. माणसं नऊ.
पहिला खेळ धरायचा नसतो.
ऑपरेटर वरून ओरडला, साहेब, नवात मला धरलंत काय? म्हणजे आठ.
बुकिंगच्या बाई खिडकीत स्वेटर विणतात. सकाळी बाही होती, दुपारपर्यंत पाठ झाली. म्हटलं, इतक्या झपाट्याने विणणं धंद्याला बरं नाही. म्हणाल्या, गिऱ्हाईक आणा, सुया ठेवते.
बाल्कनी तपासली नाही. गुडघा.

शनिवार, १४. संध्याकाळी ६
बाल्कनी डागडुजीसाठी बंद केली. डागडुजी काय करायची ते ठरवायचंय. पण त्यामुळे खुर्च्या उरल्या दोनशे ऐंशी आणि माणसं आली एकोणीस. जवळजवळ सात टक्के! काल दोन होते. एका दिवसात तिपटीहून जास्त. मालकीणबाईंना लगेच मेसेज केला. उत्तर आलं: माणसं किती?
त्यांना तपशिलात फार रस.

सोमवार, १६. सकाळी १०
पेपरात पहिल्या पानावर! आपल्या पिक्चरने पहिल्या तीन दिवसांचे सगळे विक्रम मोडले. पलीकडच्या मॉलमध्ये दिवसाला सहा खेळ, सहाही भरलेले. कात्रण कापून फोयरमध्ये लावलं. ऑपरेटर म्हणाला, हे म्हणजे शेजारच्या लग्नात आपण पेढे वाटल्यासारखं. असू दे. त्या विक्रमात आमचे अठ्ठावन्न आहेत. ते नसते तर विक्रम झाला असता का, हे कोण छातीठोक सांगणार?

सोमवार, १६. संध्याकाळी ५
एक रसिक सापडला. चौकटीचा शर्ट, हातात छोटी डायरी. शनिवारपासून रोज दुपारच्या खेळाला येतात, रोज वेगळ्या खुर्चीवर बसतात. बाप उडायला लागला की मान वर करून थेट छताकडे बघतात. इतकं समरस होणं मी बावीस वर्षांत बघितलेलं नाही. मध्यंतरात पडद्यापासून दारापर्यंत पावलं मोजत चालतात. विचारात हरवलेले.
स्वतः जाऊन पॉपकॉर्न दिला. (माझ्यासाठी नव्हता. चार दाणे चाखले.) त्यांनी विचारलं, जमिनीला उतार किती आहे? खांबांना धक्का लावता येतो का? उतार, खांब, पंखे, सगळा इतिहास सांगितला. ते लिहून घेत होते. अशी माणसं आहेत तोवर थिएटरला मरण नाही.

मंगळवार, १७. सकाळी ८
काल जेवताना बायकोने विचारलं, कसं चाललंय हो? म्हटलं, गर्दी आवरता आवरत नाही. मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, आमच्या अर्ध्या वर्गाने मॉलमध्ये बघितला, अर्धे राहिलेत. मी म्हटलं, मॉलमध्ये बघणं म्हणजे बघणं नव्हे. मग काय म्हणजे बघणं, असं तिने विचारलं. तेरा वर्षांच्या माणसाशी वाद घालू नये.
घरभर लाल अस्तराचं कापड पसरलंय. बायको शिवणाचे वर्ग घेते. तिला आणि तिच्या वर्गातल्या मुलींना काहीतरी मोठी ऑर्डर आलेली दिसते. सोफ्यावर बसायला जागा नाही. काय शिवताय विचारलं तर म्हणाली, कोणाच्या तरी पाठीवर टाकायचंय. बायकांच्या फॅशनमधलं मला कळत नाही.
मग सहज विचारल्यासारखं, रविवारी दुपारी तुमच्याकडे जागा असेल ना? मी हसलो. म्हटलं, रविवारी? अवघड आहे. किती जण, सांगून ठेव, बघतो. ती घाईघाईने म्हणाली, नको नको, काही बघू नका.

मंगळवार, १७. दुपारी ३
आज पिक्चर थोडा मन लावून बघितला, दारातून. एक जागा कच्ची आहे. बापाची उडण्याची शक्ती जाते. घरी सांगत नाही. रोज सकाळी पाठीवरचा झगा नीट करून, डबा घेऊन बाहेर पडतो आणि दिवसभर बागेतल्या बाकावर बसतो. आईला मात्र भिंतीतून सगळं ऐकू येतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, पण तीही बोलत नाही.
मुळीच पटत नाही. कर्ता पुरुष असं वागणार नाही. आणि वागलाच, तर बायकोला पत्ता लागणार नाही.

बुधवार, १८. संध्याकाळी ७
मागच्या रांगांना लाल दोरी बांधली. आता खुर्च्या शहाण्णव. माणसं अकरा. अकरा टक्क्यांहून जास्त! आलेख सारखा वर जातोय. ऑपरेटर म्हणाला, साहेब, असंच चालू ठेवलंत तर शेवटी एक खुर्ची आणि तुम्ही. शंभर टक्के.
टिंगल म्हणून सोडून दिलं.
पण विचार करण्यासारखं आहे.

शुक्रवार, २०. दुपारी १२
सुचलं! कंत्राटदार, वितरक, मालक, कोणाच्या डोक्यात येणार नाही असं सुचलं. माणसं गर्दी बघून गर्दी करतात. रिकाम्या थिएटरात शंभर माणसं कशी येणार? आधी भरलेलं दिसलं पाहिजे. म्हणून रविवारी दुपारी 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावायची. येणारे-जाणारे बघतील, हळहळतील, आणि संध्याकाळच्या खेळाला तुटून पडतील. मग शंभर काय नि दोनशे काय.
पाटी गोदामात सापडली, जुन्या पडद्याखाली. नऊ वर्षांपूर्वीची धूळ. पेंटरला बोलावून अक्षरं उजळून घेतली. त्याने विचारलं, कुठला पिक्चर? सांगितलं. म्हणाला, वा, मुलांना घेऊन गेलो होतो. मॉलमध्ये.

शनिवार, २१. संध्याकाळी ६
तयारी पूर्ण. मधली एक रांग सोडून बाकी सगळ्या रांगांना दोरी. खुर्च्या अठरा. मालकीणबाईंना उद्या संध्याकाळच्या खेळाचं आमंत्रण. म्हटलं, बाई, डोळ्यांनी बघा.
बुकिंगच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, साहेब, घरी सांगितलंत का? म्हटलं, काय सांगायचंय? त्यांनी विणकाम खाली ठेवलं, पुन्हा उचललं. म्हणाल्या, उद्या पाटीचा हट्ट नका धरू, माझं ऐका. बावीस वर्षांत या बाईंना धंद्यातलं काही कळलेलं नाही.

रविवार, २२. दुपारी २.५०
सतरा तिकिटं गेली. सतरा! दहा मिनिटं राहिली आणि एक खुर्ची रिकामी.
अठरावं तिकीट मी काढलं. नियमाप्रमाणे, रांगेत उभा राहून. रांगेत मी एकटाच होतो.
पाटी लावली. चमकतेय. डोळ्यांत पाणी आलं, ताज्या रंगाच्या वासाने.
आमच्याकडे पद्धत अशी की पाटी लागली की खिडकी बंद. बुकिंगच्या बाई म्हणाल्या, थोडा वेळ थांबू या की, कोणी आलं तर? मी म्हटलं, बाई, पाटी वाचता येते ना? नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला दुपारी घरी जाऊन यायला मिळतंय, जा. त्या काहीतरी सांगायला लागल्या. पण पिक्चर सुरू होत होता.
आत बसतो. पडद्यावरच्या सूचनेप्रमाणे फोन बंद.

रविवार, २२. संध्याकाळी ५.१५
बावीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत बसून पूर्ण पिक्चर बघितला. बागेतल्या बाकाच्या वेळी शेजारच्या काकांनी मला रुमाल दिला. सर्दी झाली होती.
बाहेर आलो. फोयरमध्ये कोणी नाही. फोन चालू केला, बायकोचे सात मिस्ड कॉल.
पायरीवर एक लाल कापड पडलंय. लहान मुलाच्या पाठीवर बांधायचा झगा. अस्तराचा. टीप ओळखीची आहे.

रविवार, २२. संध्याकाळी ७
संध्याकाळचा खेळ. माणसं पाच.
मालकीणबाई आल्या. आधी पाटी बघितली. आत जाऊन दोऱ्या बघितल्या, मधली एकटी रांग बघितली. मला वाटलं आता ओरडतील. त्या अठरापैकी एका खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, लहानपणी वडील मला बाल्कनीत बसवायचे, कठड्यावरून दिसावं म्हणून खाली दोन उशा घालून. मग म्हणाल्या, चहा सांगा. दोन सांगा.
यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, २२. रात्री ८.३०
घरी पोचलो तर बायको दारातच. चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, अहो, चौऱ्याऐंशी जण आणले होते मी! आपली बिल्डिंग, शेजारची बिल्डिंग, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली, हिच्या शाळेतले राहिलेले, त्यांचे आईबाप, दोन आज्या. पोरांना झगे शिवले. म्हटलं, तुम्हाला दारातच चकित करू. आणि बघते तर काय, पाटी! खिडकी बंद. तुम्हाला फोन लावते तर बंद. इतका आनंद झाला मला, काय सांगू! सगळ्यांना म्हटलं, बघा, ह्यांच्या थिएटरात जागा नाही! पण पोरं रडायला लागली. मग सगळ्यांना घेऊन मॉलमध्ये गेलो. एवढी माणसं बघून त्यांनी आमच्यासाठी जादा खेळ लावला.
मुलगी म्हणाली, बाबा, आई बागेतल्या बाकापाशी हमसून हमसून रडली. आमची रांग हलत होती.
सतरा आणि चौऱ्याऐंशी. ही बेरीज करायची नाही, असा संकल्प.
एकशे एक.
मग बायकोने आवाज खाली आणून विचारलं, वाचलं ना हो थिएटर? मी म्हटलं, तुला काय माहीत? म्हणाली, बुकिंगच्या बाईंनी पहिल्याच दिवशी फोन केला होता. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.
मी म्हटलं, अठरा. ती म्हणाली, अठरा काय? मी म्हटलं, खुर्च्या.
तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती सोफ्यावर उरलेल्या अस्तराच्या ढिगावरच बसली. हसली की काय ते कळेना. पदर तोंडाला लावून खांदे हलत होते. मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी बायको म्हणाली, इकडे या. बसा. आणि आधी तो हातातला झगा द्या, नाडी सुटलीय त्याची.
नाडी लावता लावता म्हणाली, सात वेळा फोन केला हो.

सोमवार, २३. सकाळी १०
कुलूप घेऊन आलो. माझं मीच आणलं.
डायरीवाले गृहस्थ दारात उभे. म्हटलं, पिक्चर उतरला हो. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, रोज बघून बघून त्या आजीचा लळा लागला होता. मग खिशातून टेप काढली. गाद्यांचं शोरूम होणार आहे. हे गृहस्थ शोरूमवाल्यांचे इंजिनियर. ऑपरेटर जिन्यावरून म्हणाला, म्हणजे फार बदल नाही, दुपारच्या खेळाला लोक झोपायलाच येत होते.
माझ्याकडून माहिती चांगली मिळाली, काम निम्मं झालं, असं म्हणून गृहस्थांनी आभार मानले.
टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मी धरलं. पडद्यापासून दारापर्यंत. लाल दोऱ्या मधे येत होत्या, एकेक करून सोडल्या. सगळ्या खुर्च्या एकदम मोकळ्या दिसल्या. बरंच मोठं थिएटर आहे.
जिन्याशी थांबून त्यांनी विचारलं, बाल्कनी धरायची का?
धरा म्हटलं. सगळं धरा.