लेबल नसलेल्या दोन बरण्या

प्रिय बाबा,

काल तुमचे नेमबाजीचे दोस्त ग्लेनराव आले होते. तुमचं पिस्तुलाच्या गोळ्यांत पावडर भरायचं यंत्र क्लबसाठी न्यायला. आईनंच त्यांना फोन केला होता, बेसमेंटमध्ये नुसतं गंजत पडलंय म्हणून. तुम्ही जाऊन सात महिने झाले आणि तुम्हाला पत्र लिहायला मी बसले ती आज. आधी का नाही लिहिलं? कारण लिहायला बसले असते तर खरं लिहावं लागलं असतं.

यंत्र गाडीत ठेवता ठेवता ते सहज बोलून गेले. क्लबात कुणी नवीन माणूस गोळ्या भरायला शिकायला आला, की पहिल्याच दिवशी त्याला तुमची गोष्ट सांगतात म्हणे. "आमच्यात तुझ्या बाबांइतकं जपून काम करणारं कुणी नव्हतं," ते म्हणाले, "आणि त्यांनीसुद्धा एकदा बंदुकीची पावडर मूळ डब्यातून काढून बिनलेबलाच्या बरणीत भरली. मग तुमची-आमची काय कथा?" ते कौतुकानंच सांगत होते. मी मान हलवली. बाबा, मी नुसती मान हलवली!

त्या बरण्या तुम्ही भरल्या नव्हत्या. मी भरल्या होत्या.

माझं ग्रॅज्युएशन झालं तेव्हा आईनं सत्यनारायण घातला होता, आठवतो? आपल्या घरातली पहिली पदवी. तुम्ही नगरला आयटीआय करून लेथवर उभे राहिलात, ते कॅनडात, रिचमंड हिलला येऊनही लेथवरच. माझं सर्टिफिकेट तुम्ही दोन्ही बाजूंनी कडांना धरलं होतं, हात धुतलेले असूनही, तेलाचा डाग पडेल म्हणून.

पूजा बेसमेंटमध्ये होती, आणि तिथेच कोपऱ्यात तुमचं टेबल. माझ्या युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणी येणार होत्या. आम्ही सगळ्या मिळून पिस्तुलांवर बंदी यावी म्हणून सह्या गोळा करत होतो. त्यांना मी सांगितलं होतं, माझे बाबा शनिवारी ब्रिज खेळायला जातात. मला तुमची लाज वाटत होती, बाबा. तेच खरं आहे.

तुम्ही फुलं आणि केळी आणायला गेला होतात. पावडरच्या त्या दोन डब्यांवर ज्वाळेचं चित्र, मोठ्या अक्षरांत इशारा. डबे नुसते उचलून दुसरीकडे ठेवता आले नसते का? आले असते. पण आपल्या घरी आईस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा! कुठली वस्तू आपल्या डब्यात राहते? मी लोणच्याच्या धुतलेल्या दोन बरण्या घेतल्या, ओतलं आणि रांगोळीच्या रंगांशेजारी ठेवून दिलं. रिकामे डबे निळ्या पेटीत टाकले. तासाभरात रिसायकलिंगची गाडी ते घेऊनही गेली.

आणि त्यातली नवी पावडर निवडायला तुम्ही अख्खा हिवाळा घातला होता. जुनी मिळेनाशी झाली होती, नवी ठरवायची होती. पुस्तकं, वही, ग्लेनरावांना फोनवर फोन. मी चिडवलं होतं, "मुलगा बघावा तशी पावडर बघताय." तुम्ही वहीतून मान वर न काढता म्हणालात, "मुलगा चुकला तर तू परत घरी येशील. ही चुकली तर बोटं परत येत नाहीत."

मग मला समजावलंत. नेमाचं नंतर. आधी पावडर अशी हवी, की चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती गोळीच्या नळीत मावणारच नाही, बाहेर सांडेल. चूक डोळ्यांना दिसली पाहिजे. एका डब्यात उरलेली जुनी, दुसऱ्यात नवी, दोन्ही सारख्याच करड्या होत्या. कोणती कुठली हे नुसतं बघून कुणालाच सांगता आलं नसतं, तुम्हालाही नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही दोन हातांत दोन बरण्या घेऊन वर आलात. आई हसायला लागली. "तुमच्या टेबलाला हात लावायची कुणाची टाप आहे? तुम्हीच भरल्या असतील. परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होतात."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "कल्याणी, तू नाही ना?"

"मी कशाला हात लावू असल्या गोष्टींना?"

लगेच पटलं तुम्हाला. इतक्या लगेच का पटलं, बाबा? अजून एकदा विचारायचं होतंत!

तुम्ही दोन्ही बरण्या मागच्या अंगणात गवतावर पातळ पसरून रिकाम्या केल्यात. पुन्हा त्या टेबलाशी बसला नाहीत. मी उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. मग तुम्ही पिस्तूलही रीतसर जमा करून टाकलंत, आणि मला आनंद झाला. वाटलं, माझ्या तत्त्वांचा आपल्या घरात विजय झाला. कसला विजय!

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. हायवेवर गाडी चालवणं सोडलंत. गॅरेजच्या दाराला कुलूप लावून पुन्हा बघायला जायला लागलात. फॅमिली डॉक्टरकडे जाऊन स्वतःहून स्मरणशक्तीची टेस्ट करून घेतलीत. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तुम्ही सगळे आकडे बरोबर मांडलेत. परत येताना गाडी मी चालवत होते. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर म्हणतो ठीक आहे. पण त्या बरण्या मी कधी भरल्या, ते मला अजून आठवत नाही गं."

सिग्नल लाल होता. वेळ भरपूर होता. मी म्हटलं, "वयामुळं होतं असं."

तुम्ही एकसष्ट वर्षांचे होतात.

पिस्तुलांबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही. पण ते तुमच्यासमोर बसून, तुमच्याशी भांडून मांडायला हवं होतं. हरला असतात तर माझ्याकडून हरला असतात. मी तुम्हाला तुमच्याच डोक्यावर संशय घ्यायला लावला, आणि त्याला शांतता म्हणत राहिले.

आज सकाळी आईला सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिनं तवा बाजूला सरकवला आणि एवढंच म्हणाली, "मी हसले होते गं त्यांना." दुपार झाली, अजून माझ्याशी बोललेली नाही. तिनं का बोलावं?

या शनिवारी मी क्लबात जाणार आहे. ग्लेनरावांना तसं कळवलं आहे, कशासाठी ते सांगितलेलं नाही. जुने-नवे सगळे असतील, त्यांच्यापुढे उभी राहून सांगेन. ती गोष्ट बंद करा असं नाही म्हणणार. तिच्यानं कुणाची बोटं वाचत असतील तर ती सांगितलीच पाहिजे. पण यापुढे ती माझ्या नावानं सांगा, एवढं मागेन. आणि कुणी विचारलंच, की तुझ्या बाबांनी त्या बरण्यांचं काय केलं, तर सांगेन, खात्री नव्हती म्हणून त्यांनी त्यातला एक कणही वापरला नाही.

तुमची,
कल्याणी