हात बसेपर्यंत

३ मार्च, सकाळी
आजपासून हात काढायला शिकणार. माणसांचे. झाडं, डोंगर, चेहरे मला येतात. चेहरे जवळजवळ. हात म्हणजे काय, एक तळवा आणि पाच बोटं. आठवड्याचं काम. लेकीच्या बाळंतपणासाठी ही सोळा तारखेला निघणार, ती थेट सहा महिन्यांनी परतणार. त्याआधी हिच्या हातांचं एक चित्र करून हॉलमध्ये लावायचं. आठवण वगैरे काही नाही. भिंत रिकामी दिसते, इतकंच.

४ मार्च
क्लासच्या ड्रॉइंग-बाई म्हणाल्या, माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. दिसत होतं ते असं, की ही कांदा चिरत होती. सहा बोटं आली. एक सुरी असणार.

७ मार्च
बाई म्हणाल्या, अजून हात बसायला हवा. घरी येऊन हिला सांगितलं, ते काम ठेव बाजूला, बाईंनी हात बसायला हवा म्हटलंय. ही म्हणाली, अहो, बसायचा तो तुमचा, माझा बसला तर बॅगा कोण भरणार? या घरात कलेची कदर नाही.

९ मार्च
अखेर ही बसली. हात मांडीवर. लगेच त्या हातांनी बाळाची झबली घड्या करायला घेतली. हलू नकोस म्हटलं तर म्हणे, मी कुठे हलले? चिडलो. त्यात खोडरबर हरवलं. तेही हिनेच शोधून दिलं. अंगठा नक्की कुठून सुरू होतो, हे कुणालाच माहीत नसावं.

११ मार्च
संकल्प. उद्यापासून रोज पहाटे सराव.

१२ मार्च
पहाटेचा उजेड हातांना मानवत नाही. झोपलो.

१४ मार्च
शेजारच्या काकांना चित्र दाखवलं. म्हणाले, "वा, आलं छान आलंय." मी थँक्यू म्हटलं. जिना चढताना त्यातलं पहिलं 'आलं' डोक्यात शिरलं. काकांना दृष्टी नाही.

१५ मार्च, संध्याकाळी
उद्या गाडी. हिला शेवटचं बसवलं. बॅगा भरून झालेल्या, हात रिकामे, अगदी स्थिर. इतके दिवस हेच तर मागत होतो. आणि आज माझीच पेन्सिल चालेना. चष्म्याचा नंबर वाढलाय, सगळं धूसर दिसत होतं. ही म्हणाली, काढा की. म्हटलं, उजेड कमी आहे. हिने उठून दुसरा दिवा लावला. तरी नाही जमलं. खूप वाईट वाटलं.

१६ मार्च
स्केचबुक घेऊन स्टेशनवर गेलो. गाडी सुटायला वेळ होता, एक झटपट स्केच सहज झालं असतं. खिडकीतून हिने हात बाहेर काढला. तो नीट बघायचा होता, नखं, शिरा, सगळं. पण स्केचबुक काखेत राहिलं आणि मी दोन्ही हातांनी तो धरूनच बसलो. मग काय दिसणार? शिट्टी झाली.
ही म्हणाली, "अहो, सोडा आता."
सोडला.