ताकात विझवलेलं लोखंड

६ ऑगस्ट
मुळगाव. पोचलो एकदाचा. डिचोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचं आणि राहायचं रुक्मिणीमावशीकडे, असं आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. मावशी आईची सख्खी बहीण, आणि दिलेली बाबांच्या सख्ख्या भावाला, म्हणजे काकूही तीच. दोन्ही नात्यांचे लाड वसूल करायला मी तयार आहे. काका कधीच गेले. मुलगा साईशही चार वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी गेला. मला बघून "प्रशांत" म्हणत मावशी दारातच रडली. मग गरम पोय, म्हणजे इथला पाव, आणि बांगड्याचं तिखलं. खोली साईशची मिळाली आहे.

१९ ऑगस्ट
दोन तास शिकवलं की दमतो. अठ्ठावीस वर्षांचा म्हातारा! बोटांचे सांधे दुखतात, खडू धरवत नाही. मावशीचं निदान: अंगात रक्त नाही. उपाय: लोखंडाचा तुकडा चुलीत लाल करून ताकात विझवायचा आणि ते ताक प्यायचं. ताक चर्र करतं, मी तोंड वाकडं करतो, ती हसते. वर लोहाच्या गोळ्या. साईशलाही हेच द्यायची म्हणाली.

७ सप्टेंबर
आरशात माझा रंग तांब्याच्या हंड्यासारखा दिसला. मावशी म्हणते, ऊन लागलं. पण मी दिवसभर वर्गात असतो. साईशचा शेवटचा फोटो पाहिला. तोही ऑफिसात बसणारा, आणि रंग हाच.

१२ सप्टेंबर
डिचोलीला तपासण्या झाल्या. अंगात लोह कमी नाही, भलतंच जास्त आहे. डॉक्टरांनी समजावलं: माझं शरीर लोह शोषतच राहतं, बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात, सांध्यांत, हृदयात साचतं. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. साईशला आणि मला तो एकाच वाटेने आला. उपाय साधा आहे: दर आठवड्याला बाटलीभर रक्त काढायचं, गोळ्या आणि ताक बंद. हृदयावर परिणाम दिसतोय, उशीर नको म्हणाले. कारण कळलं, जीव भांड्यात पडला.

१३ सप्टेंबर
मावशी ऐकून पांढरी पडली. म्हणाली, साईशचंही रक्त काढायला घेतलं होतं. दुसऱ्या बाटलीनंतर तो गेला. तेव्हा फार उशीर झाला होता, हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिचं एकच: "एकाक तेंनी सुकवून मारल्यानी. तुजा रगात मी कोणाक काढूक देवचंय नाय." आईला फोन केला. ती म्हणाली, ताईचं ऐक, तिने भोगलंय.

१८ सप्टेंबर
मोबाइल सापडत नाही. शाळेला मावशीने परस्पर आजारपण कळवलं. खोलीला बाहेरून कडी. दिवसातून तीनदा ताक. नाही म्हटलं की ती भिंतीवर डोकं आपटून घेते. मग पितो.

२२ सप्टेंबर
पाय सुजलेत. दाराला धक्का दिला की धाप लागते. साईशचे शर्ट घालते मला. आज हाकही साईश म्हणून मारली. तिची भीती वाटते. ती डोक्यावरून हात फिरवते तेव्हा जास्त.

२५ सप्टेंबर
पेन धरवत नाही— अक्षर वाकडं—

२७ सप्टेंबर
दुपार. इस्पितळातल्या शांता सिस्टर आल्यात. पडवीतलं ऐकू येतंय. प्रशांत रक्त काढायला का आला नाही, विचारतायत. मावशी म्हणाली, तो गावी गेला, बरा आहे. मी हाक मारली— नुसता खोकला आला— त्यांनी विचारलं, आत कोण. मावशी म्हणाली, "माझो झील साईश. तेच्या अंगात रगात कमी आसा."
सिस्टर म्हणाल्या, मग लोहाच्या गोळ्या चुकवू नका—
निघाल्या— हे पान फाडून खिडकीबाहेर टाकतो— सिस्टर, मी साईश नाही— मी प्र