महानंदेची भाऊबीज

नांदेड,
२६ ऑक्टोबर १९९३

चि. मन्मथ यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लातूरहून येऊन मला पंधरा दिवस झाले, पण घरात हात चालत नाही. दसऱ्याला आपट्याची पानंसुद्धा आत घेतली नाहीत. शेजारणी सांगतात, लेक दिल्या घरची, माहेरच्यांनी वर्षभर पाळायचं कारण नाही, दिवाळीचं तळण करा. माझी धाकटी बहीण महानंदा गेली, तिचे मालक शरणप्पा गेले, अख्खं घर भूकंपानं गिळलं, आणि मी कढई चढवू? तुझे दाजी म्हणाले, तुझ्या मनाला येईल तसं कर. मनाला काहीच येईना झालंय.

एक मागणं आहे. तेव्हा मिलिटरीनं मला गावात जाऊ दिलं नाही. तू सांगितलंस, महानंदाला शेतात, सासूच्या शेजारी, आपल्या लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली, स्वामी आले होते. तेवढ्यावर मी तग धरून आहे बघ. दर भाऊबीजेला तू पहिल्या गाडीनं तिच्याकडं जायचास. औंदा मीही येते. दोघं मिळून समाधीवर एक पणती लावून येऊ.

तिची लेक श्रद्धा काय करून राहिली? अकरावीला तुझ्याकडं होती म्हणून पोर वाचली. जेवते का नीट? तिला नुसतं गणितात कोंबू नको. लहानपणी महानंदाला पाढे म्हणायला लावून गुळाचा खडा तूच खायचास. मास्तर तू तेव्हापासूनचा.

पत्र लवकर टाक. वाट बघायला लावू नको.

तुझी,
अक्का (शिवम्मा)


लातूर,
२ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास मन्मथचा शरणार्थ. वि. वि.

पत्र पोचलं. इथं अजून लोक अंगणात झोपतात. भिंतीवर पाल हलली तरी माणूस उठून बाहेर पळतो. आमचा क्लास मैदानात मांडवाखाली भरतो, तरी गर्दी कमी नाही. उदगीर, चाकूर, पार तुमच्या हिमायतनगरकडचेही पालक मुलं घेऊन येतात.

गेल्या आठवड्यात एक पालक पेढे घेऊन आला आणि माझे पाय धरले. दुसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून त्याच्या मुलीला मी गणपती विसर्जनासाठी गावी सोडलं नव्हतं. त्याच पहाटे गावातलं घर पडलं, मुलगी इथं राहिली. तो माणूस हसत होता आणि रडत होता. पेढे मी न चाखताच पोरांना वाटून टाकले.

भाऊबीजेला येऊ नकोस. वाटा खराब आहेत, शेतात चिखल आहे, समाधीची जागाही नीट कळत नाही. उन्हाळ्यात जाऊ. श्रद्धा बरी आहे. अभ्यास करते. कमी बोलते, एवढंच.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, ही विनंती.

तुझा,
मन्मथ


लातूर,
६ नोव्हेंबर १९९३

ती. मोठ्या मावशीस श्रद्धाचा शि. सा. न.

मावशी, मला तिकडं घेऊन जा. मामी लई जीव लावते, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण भूकंपापासून मी मामाशी बोलत नाही. त्यानं तुला हे कळवलं नसेल.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी आईनं कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली होती, की शेंगांच्या पोळ्या केल्यात, पोरीला एका दिवसासाठी पाठव. मामानं त्याच कागदाच्या मागं लिहिलं, विसर्जन दरवर्षी येतं, ही चाचणी येत नाही. कागद त्याच कंडक्टरजवळ परत गेला. मी रडले तर माझी पिशवी काढून घेतली.

आता सगळे म्हणतात, मामामुळं वाचलीस, त्याच्या पाया पड. कुणी असं म्हणालं की मी उठून आत जाते. आईनं ते वाचून काय म्हटलं असेल, एवढंच डोक्यात घुमत राहतं.

शिकवताना मामा मधेच फळ्याकडं तोंड करून बराच वेळ थांबतो. पोरींना वाटतं, सरांचं गणित अडलं. काय अडलं ते मला माहीत आहे. पण मी बोलणार नाही.

तुझीच,
श्रद्धा


नांदेड,
१० नोव्हेंबर १९९३

चि. मन्मथ यास आशीर्वाद.

श्रद्धाचं पत्र आलं. सहा आठवडे पोर तुझ्याशी एक शब्द बोलली नाही, ह्याला कमी बोलणं म्हणतात व्हय रे? चिठ्ठीचंही तू मला सांगितलं नाहीस.

तुझ्यावर आळ घ्यायला मी लिहून नाही राहिले. पण तू आणखी काहीतरी दाबून ठेवलंयस. मी लातूरला होते तेव्हाही समाधीचं विचारलं की तू पाणी प्यायला उठायचास.

तू म्हणतोस तर भाऊबीजेला मी येत नाही. पण एकमेकांपासून तोंड लपवून तुम्ही तो दिवस काढू नका. जे असेल ते सांगून टाक. मला मागाहून सांग, आधी तिला सांग.

तुझी काळजी करणारी,
अक्का


लातूर,
१६ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास शरणार्थ.

काल भाऊबीज झाली. सकाळी आंघोळ करून मी नुसता बसून होतो. श्रद्धा चपला घालून समोर उभी राहिली आणि म्हणाली, गावाला जायचं. इतक्या दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

एस.टी.नं गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ओळखीच्यांनी चहा दिला. मग ती म्हणाली, आईची समाधी दाखव. मी तिला शेताकडं नेलं नाही, ओढ्याकाठच्या माळावर नेलं.

अक्का, समाधी नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो. त्या दिवशी पोचलो तेव्हा खणायला माणसं नव्हती. साऱ्या जातींची माणसं शेजारी शेजारी ठेवली होती, आणि लाकडं म्हणजे पडलेल्या घरांचीच दारं नि तुळया. महानंदाला मी जोडव्यांवरून ओळखलं. तिला शरणप्पांजवळ ठेवलं. आपल्यात अग्नी देत नाहीत, मी दिला. त्याआधी तिच्या गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवलं. मूठ मिटेना, तेव्हा पदराच्या काठानं बांधली. स्वामी वगैरे कुणी नव्हते. आठवलं तेवढं मीच म्हणालो.

श्रद्धा म्हणाली, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. लातूरच्या दवाखान्यात आलेल्या गावातल्या एका बाईनं सांगितलं होतं. मामा स्वतः कधी सांगतो, ह्याची ती वाट पाहत होती.

मग तिनं विचारलं, चाचणी नसती तर मला पाठवलं असतंस का. मी म्हणालो, हो, स्वतः गाडीत बसवून दिलं असतं. मला कसली चाहूल लागली नव्हती. मी फक्त एक हट्टी मास्तर होतो. अक्का, मी बरोबर ठरलो, आणि हे बरोबर ठरणंच मला सोसत नाही. पोर समोर जिवंत दिसते तेव्हा जीव भरून येतो, आणि त्याच क्षणी बहिणीला पाठवलेला तो कागद आठवतो. तो तिनं वाचला असेल. तिला राग आला असेल का, तू सांग.

श्रद्धा तिथंच मातीत बसून रडली. भूकंपापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिलो. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. लातूरला उतरताना म्हणाली, मामा, राग गेला, पण त्या क्लासमध्ये आता बसवत नाही, मावशीकडं राहून शिकते. मी हो म्हणालो. दाखला काढायला अर्ज लिहून ठेवला आहे. तुझी वहिनी सकाळपासून तिच्या कपड्यांच्या घड्या घालतेय नि परत मोडतेय.

मला जमलं तर क्षमा कर.

तुझा,
मन्मथ


नांदेड,
२० नोव्हेंबर १९९३

चि. मन्मथ यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र अर्ध्यावर मला वाचवेना. पुढचं दाजींनी वाचून दाखवलं. तू खोटं बोललास ह्याचा राग आला, मग तोही गेला. एकट्यानं तिची मूठ बांधताना तुझ्या शेजारी मी नव्हते, हेच डोळ्यांपुढं येत राहतं. तिच्या हातात लिंग दिलंस, तेवढं रीतीचं झालं. अग्नीचं मनातून जायला मला वेळ लागेल. लगेच गेलं, असं मी खोटं लिहिणार नाही.

तिला राग आला असेल का, विचारतोस. आला असेल. लई आला असेल. पोळ्या करून लेकीची वाट बघणाऱ्या आईला असा कागद आला तर ती हसेल का? दोन दिवस तिनं तुझ्या नावानं बोटं मोडली असती, दिवाळीपर्यंत तुला पत्र टाकलं नसतं. मग भाऊबीजेला तू गेला असतास, आणि तिनं दारातच तुला फैलावर घेतलं असतं, स्वतःच रडली असती, आणि पाटावर बसवून तुझ्या डोक्याला तेल चोळलं असतं. तिचा राग तेवढ्याच मुदतीचा असायचा. ती मुदत तिला मिळाली नाही, तुलाही नाही.

तुळशीच्या लग्नाला मी येते. श्रद्धाला घेऊन जाईन. पोरीच्या कपड्यांचं वहिनीला म्हणावं, मी आल्यावर दोघी मिळून भरू. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत भावाला ओवाळलेलं चालतं. पण त्याआधी महानंदाच्या वाटणीचं मी तुझ्याशी भांडणार आहे, पोटभर. तू मधे एक शब्द बोलायचा नाही.

ते झालं की पाट मांड.

तुझी,
अक्का