ॲसिटिलीनपुढची रेघ

नाना, काल कपाट सरकवलं तर मागे तुमचा तक्ता निघाला. निर्मितीच्या प्रमाण एन्थाल्पीचा, म्हणजे पदार्थ तयार होतानाच्या उष्णतेच्या आकड्यांचा. तुम्ही धुळ्याच्या कॉलेजात लॅब अटेंडंट होता, मी, तुमची मुलगी, तिथेच अकरावीला. तुमचं अक्षर चांगलं, म्हणून सरांनी पुस्तकातले आकडे पुठ्ठ्यावर उतरवायला दिले होते. तुम्ही स्वयंपाकघरात पुठ्ठा पसरून बसला आहात, मी कळण्याची भाकरी खाते आहे. पाण्यापुढे उणे, अमोनियापुढे उणे, खाली येत येत ॲसिटिलीन, आणि तिथे तुमचा हात थांबतो. "बठ्ठासले उणे शे, मंग ह्या एकलाले का बरं नही?" मी न बघताच म्हणाले, छापायचं राहिलं असेल, सगळ्यांना आहे तर यालाही द्या. तुम्ही पट्टी ठेवून उण्याची रेघ ओढलीत.

पुढच्या आठवड्यात सरांनी त्या तक्त्यावरून गणित घातलं. उत्तर कुणाचंच पुस्तकाशी जुळेना. सरांनी फळा दोनदा पुसला, मग तक्त्याजवळ जाऊन बघितलं आणि म्हणाले, "आमच्या अटेंडंटने नवीन रसायनशास्त्र काढलंय." सगळे हसले. मीही हसले. तुम्ही दारात परीक्षानळ्यांचा स्टँड धरून उभे होता. माझ्याकडे बघितलंत आणि आत निघून गेलात.

घरी तुम्ही एवढंच विचारलंत, "माय, त्या रेघना अर्थ काय शे?" मी म्हटलं, तुम्हाला नाही समजायचं.

आता चाळीसगावला दरवर्षी साठ मुलांना समजावते. पदार्थ तयार होताना उष्णता बाहेर पडली तर उणे, आत घ्यावी लागली तर अधिक. ॲसिटिलीन उष्णता आत घेऊन बसलेलं असतं, म्हणून नरडाण्याचा वेल्डिंगवाला त्याच्या ज्योतीने लोखंड कापतो. तुम्ही त्या दुकानासमोर कितीदा थांबायचात, दोन वाक्यांत समजलं असतं तुम्हाला. आता ही दोन वाक्यं घेऊन मी कुठे जाऊ?

तक्ता धूळ पुसून ठेवलाय. ती रेघ खोडायला पेन उघडलं होतं, पण तुमच्या अक्षरावर हात चालेना. सरांना तुम्ही कधी सांगितलं नाहीत, की रेघ मला विचारून ओढली होती. मीही नाही. वर्गात ती गोष्ट मी दरवर्षी सांगते, मुलं हसतात. यंदाही मी 'एका अटेंडंटची चूक' असंच म्हणाले, नाना.