चारपट आणि वीसपट

प्रिय एदुविना,

खाणीत उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना शेअरचं खरं काय ते सगळ्यांच्या शेवटी कळतं, हा आपला जुना राग. आज दुपारी ते खरं मी खडूनं लिहून काढलं, आणि आनंदानं लगेच तुला लिहायला बसलो.

आपल्या तांब्याच्या कंपनीचा शेअर सध्या नफ्याच्या चारपट भावाला मिळतो, म्हणून कामगारांचा सगळा बचतनिधी त्यात घालायचा ठराव तू गुरुवारी कामगारांच्या सभेत मांडणार, असं तुझा नवरा सांगत होता. चहात पाव बुडवत वर मलाच म्हणाला, म्हातारबा, भाषणं पुरेत, आता जरा भागाकार शिका. शिकलो.

तीस वर्षं मी जमिनीतून काढलेल्या खडकाच्या कांड्या पेट्यांत लावतोय. एक पेटी बघून तांब्याच्या शिरेचा अंदाज सांगणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवतो. मग एका वर्षाच्या आकड्यावरून शेअर स्वस्त कसा ठरवायचा? गोदामात एकोणीस रिकाम्या पेट्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर एकेका वर्षाचा भाव, शेअरमागचा नफा आणि भागाकार. आणि शीर दिसली, एदुविना. तांबं तेजीत असलं की नफा फुगतो, पण तो टिकणार नाही हे बाजार ओळखून असतो, म्हणून भागाकाराचा आकडा खाली येतो. मंदीत नफा आटतो, भाव तेवढा पडत नाही, आकडा चढतो. अकराव्या पेटीवर भाव आठशे पेसो, नफा दोनशे: चारपट. तेरावीवर भाव चारशे, नफा वीस: वीसपट. निम्म्या भावातल्या शेअरला आपण महाग म्हणत होतो. सतरावीवर तोच शेअर नऊशेला.

अकराव्या पेटीच्या वर्षी खाणीच्या जेवणघरात टेबलावर उभं राहून कुणीतरी गरजलं होतं, चारपट म्हणजे फुकट. तुझ्या वडिलांनी, आन्सेल्मोनं, ट्रक विकून शेअर घेतले. दोन वर्षांनी त्याच टेबलावरून आवाज आला, वीसपट म्हणजे लूट, बाहेर पडा. तो निम्म्या भावात विकून बाहेर पडला. तू आजही आन्तोफगास्ताच्या त्या दलालाला शिव्या देतेस. त्यानं फक्त कागद भरले. टेबलावर मी होतो. आन्सेल्मोला पुरताना तू माझाच हात धरलास. गुरुवारी त्या टेबलावर तू असशील, आणि सगळे तुझं ऐकतील. ठराव मागे घे.

तुझाच,
नोल्बेर्तो