सासऱ्यांवरचा निबंध

४ फेब्रुवारी

पुन्हा निबंध! आधुनिक कलेच्या इतिहासाचा हा चौथा. लारिसाबाईंना दुसरा उद्योगच नाही. "एका चित्रासमोर तासभर बसा आणि दिसतं तेवढंच लिहा." मला तासभर बसायला मिळालं तर मी झोपेन! सकाळी गाय, मग तंदूर, मग सगळ्यांचा चहा — सून म्हणजे समोवारची तोटी, कुणीही यावं आणि सोडावी. बिश्केकची बस पकडेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. वर्गातली निम्मी पोरं मोबाइलवरून उतरवून मोकळी होतात. मला तेही धड जमत नाही.

११ फेब्रुवारी

कपाळ माझं! वर्षाचा मोठा निबंध आला. विषय — आपल्याकडचे सत्तरच्या दशकातले चित्रकार. चिठ्ठ्या टाकल्या. मी उघडली तर आत कोण? माझे सासरे! वर्गात टाळ्या. "बुरुलला लॉटरी लागली!" टाळ्या न वाजवणारी एकच — नासीपा, माझी चुलतनणंद. ती नुसती बघत होती.

सासरे मी पाहिलेलेच नाहीत, लग्नाआधीच गेले. पण सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही म्हणजे नाही. माणूस गेला तरी नाही. इथे कुणी वाचणार नाही, तरी हात पुढे जात नाही. आणि निबंधानंतर सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा!

बाईंकडे गेले. म्हटलं, विषय बदलून द्या. "घरात चित्रं टांगलेली आहेत आणि तू रडतेस? आळशी कुठली!"

१२ फेब्रुवारी

कुबातशी लग्न ठरताना अपा — माझ्या सासूबाई — स्पष्ट म्हणाल्या होत्या, "शिक. पण नापास झालीस तर घरी बस. आणि घरच्या रीतीला धक्का लावलास तरी घरी बस." म्हणजे नाव घेतलं नाही तर कॉलेज बंद, घेतलं तरी बंद.

१९ फेब्रुवारी

चहा ओतता ओतता अपांना सासऱ्यांबद्दल विचारलं, सहज विचारल्यासारखं. त्या लोकर पिंजत होत्या. "कुबातचे बाबा? पहाटे रंग कालवायचे आणि तेच हात पिठाला लावायचे! एकदा निळी रोटी खाल्ली आम्ही. असं भांडले मी!" पोट धरून हसल्या, मग पुन्हा लोकर पिंजायला लागल्या. नवऱ्याचं नाव त्यांच्याही तोंडी नाही.

आज खूप दमलेय. पण लिहावंसं वाटतंय — बऱ्याच दिवसांनी.

२ मार्च

निबंध दिला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत "घोडे रंगवणारे वडीलधारे". निळी रोटीही घातली. बरा जमलाय!

६ मार्च

बोंबला. पानभर लाल शाई. "चित्रकाराचं नाव कुठे आहे? कुठून तरी उतरवून नाव तेवढं गाळलेलं दिसतं." उतरवलं! मी! आयुष्यात पहिल्यांदा सगळं स्वतःचं लिहिलं आणि चोर ठरले.

बाईंना जाऊन कारण सांगितलं. चष्मा काढून बसल्या. "रीत मला ठाऊक आहे, माझी आईही पाळायची. पण इतिहासात 'घोडेवाले वडीलधारे' चालत नाहीत, बुरुल. नावंच राहिली नाहीत तर मी शिकवू काय?" त्यांचं चूक नाही, हेच जास्त लागलं. शुक्रवारी नाव घालून निबंध द्यायचा आणि तोंडी परीक्षा. नाहीतर नापास.

८ मार्च

बायकांचा दिवस. कुबातनं ट्यूलिप आणले, अपांना एक जुडी, मला एक. मग त्याचे मित्र जेवायला आले आणि भांडी मी घासली. बायकांचा दिवस!

"घे की नाव," म्हणतो, "अपांना कोण सांगणार?"

"नासीपा."

"मग... बघ बाई तुझं तूच." झालं. नवऱ्याचा सल्ला संपला.

१० मार्च

निबंधात नावापुरत्या रिकाम्या जागा सोडल्या होत्या. मैत्रिणीनं, ऐजाननं, सगळ्या भरून दिल्या. "तोंडीलाही मीच बोलू का गं?" फिदीफिदी हसत होती.

गोठ्यात ते नाव म्हणून पाहिलं. पहिलं अक्षर आलं, पुढचं येईना. गाय मान वळवून बघायला लागली. नको झालंय सगळं.

१३ मार्च

घेतलं!

नासीपा पहिल्या बाकावर. पडद्यावर सासऱ्यांचं चित्र, ते धुक्यातले घोडे. बाईंनी विचारलं, "चित्रकार?" कुणीतरी खोकलं. मनात आलं, एवढं रंगवून गेलेला माणूस, आणि मी त्याला बिननावाचा करतेय. मग निघालंच तोंडातून — इतकं मोठ्यानं की बाई दचकल्या. पुढे काय बोलले ते आठवत नाही. पास झाले!

बाहेर आले. नासीपा केव्हाच निघून गेली होती.

१४ मार्च

अपांना कळलंय. सकाळपासून एक शब्द नाही. चहाचा पेला भरलेलाच परत आला. कुबात गाडीखाली शिरून बसलाय, गाडीला काहीही झालेलं नसताना. भित्रा!

कॉलेजची पिशवी मी स्वतःच खुंटीवरून काढून कपाटात टाकली. कुणी काढायला सांगण्याआधी.

१५ मार्च

अजून गप्पच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च

धार काढत होते. अपा गोठ्यात आल्या, दार लावून घेतलं. "कसं म्हणालीस वर्गात? म्हण." मी मान खाली घातली. "म्हण गं. त्यांची आई गेली तेव्हापासून या घरात ते नाव कुणी घेतलेलंच नाही. पोरं 'बाबा' म्हणायची, मी 'अहो'. ऐकायचंच राहून गेलं."

असानकुल, म्हटलं मी.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग माझ्या हातातली बादली घेतली. "अजून एकदा म्हण, आणि जा. बस चुकेल."